जखम टांकसाळीतली की रस्त्यावरची?

पोस्टिंग बदललं की मुलांची शाळा बदलते, गॅसचा नंबर बदलतो आणि भाजीवाल्याची भाषा बदलते, हे फौजी कुटुंबांना सांगायला नको. खिशातल्या दहाच्या नाण्याची पतही बदलते, हे मात्र मूव्हमेंट ऑर्डरवर कुणी लिहीत नाही. सुट्टी संपवून पुण्याहून निघालो की पाकिटात दहाची चार-सहा नाणी असतातच. सिकंदराबादला रिक्षावाल्यानं ती माझ्या तळहातावर परत ठेवली होती, "नहीं चलता साब." सध्या उत्तर बंगालमधल्या एका छावणीत आहे. इथला पानवाला छोट्या एक रुपयालासुद्धा नाक मुरडतो.

दहाच्या नाण्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं कपडे फार वेळा बदलले. 27 मिलिमीटर व्यासाचं, 7.71 ग्रॅम वजनाचं हे दोन धातूंचं नाणं 2009 मध्ये चलनात आलं. तेव्हापासून त्यावरची चित्रं इतकी बदलली की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं : आजवर 14 नमुने काढले आहेत आणि सगळे चालतात. तरी अफवा काही थांबली नाही. वर दहा रेघा असतील तर खरं, पंधरा असतील तर खोटं. ₹ चिन्ह नसेल तर खोटं. हे चिन्हच मुळी जुलै 2010 मध्ये स्वीकारलं गेलं, त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते येणार कुठून? पण दुकानाच्या काउंटरवर उभं राहून हे कुणाला समजावणार? मागे माणसं खोळंबलेली असतात.

म्हणजे खऱ्या नाण्याला लोक खोटं म्हणतात. याची उलटी बाजू जास्त महागात पडते. चेपलेलं, झिजलेलं, कुणीतरी मुद्दाम बिघडवलेलं नाणं घेऊन लोक समजतात की ही टांकसाळीची चूक आहे, म्हणजे 'एरर कॉइन', म्हणजे लाखो रुपये. या समजुतीवर एक मोठा धंदा उभा आहे, आणि त्याचं गिऱ्हाईक बहुतेकदा आपल्याच ओळखीच्या घरांतलं असतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्कशॉपमधला एक नाईक, साताऱ्याकडचा, ए.एफ.पी.पी. फंडातून साठ हजार काढण्याचा अर्ज घेऊन इंटरव्ह्यूला आला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. हा शब्द आला की मी खुर्ची देतो आणि चहा मागवतो. पाच मिनिटांत गोष्ट बाहेर आली. त्याच्या वडिलांकडं पाच रुपयांचं एक विचित्र नाणं होतं. गावातल्या कुणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो टाकला, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला : नऊ लाखाला घेतो. नोंदणीचे 2,400 रुपये वडिलांनी भरूनही टाकले होते. आता टॅक्स आणि विमा म्हणून 58,000 मागत होते. व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट आलेलं होतं.

"साहेब, नऊ लाख म्हणजे विहिरीचं काम होऊन वर घराचा स्लॅब पडतोय."

"नाणं कुठाय?"

"माझ्याकडंच हाय. आबांनी अख्खा डबाच दिलाय, म्हणले साहेबांना नाण्यातलं कळतंय म्हणतोस ना, दाखव त्यांना."

मला नाण्यातलं जे कळतं त्याचं श्रेय सिकंदराबादच्या लांबलचक इंजिनीअरिंग कोर्सला आहे. तिथं प्रेस, डाय, धातूचा ताण आणि प्रवाह हे सगळं वहीत उतरवायचो, आणि रविवारी चारमिनारच्या बाजूला जुनी नाणी घेऊन बसणाऱ्यांसमोर उकिडवा बसायचो. हैदराबाद टांकसाळीची खूण म्हणजे सालाखालची छोटी चांदणी. मुंबईचा चौकटीसारखा हिरा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. ही ओळखपाळख झाली की माणूस अडकतो. माझ्यासाठी मात्र खरी मजा प्रेसची होती. नाणं हा शेवटी प्रेसमधून आलेला एक सुटा भाग आहे, आणि सुटा भाग कुठं बिघडला हे शोधणं हे तर आमच्या कोअरचं कामच.

टांकसाळीत होतं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून जराशी उचलतात. मग ती चकती एका पोलादी कड्यात बसते, त्याला कॉलर म्हणतात. वर एक ठसा, खाली एक ठसा. एका फटक्यात दोन्ही बाजू उमटतात, धातू बाजूला पसरू पाहतो आणि कॉलर त्याला अडवते. खरी चूक याच साखळीत कुठंतरी झालेली असते : चकती कापताना, ती बसताना, ठशात, किंवा फटक्याच्या क्षणी. नाणं प्रेसमधून खाली पडलं की टांकसाळीची जबाबदारी संपली. त्यानंतर त्याचं जे होईल ती जखम.

म्हणून विचित्र नाणं हातात आलं की मी 'किती विचित्र आहे' हे बघतच नाही. प्रेसच्या कोणत्या पायरीवर हे घडू शकेल, एवढाच प्रश्न. पायरी सापडली नाही, तर नाणं दर्शनी किमतीचं.

सगळ्यात सोपी परीक्षा नखाची. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो, आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. नाणं रस्त्यावर घासलं तर रेघ खोल जाते. ठशाची जखम नाण्यावर वर येते, नाण्याची जखम आत जाते. भिंग नसलं तरी हे नखाला कळतं. अशोकस्तंभाच्या सिंहावरून आरपार गेलेली खोल चीर दाखवून 'डाय क्रॅक' म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. ती चीर खिळ्याची असते.

आता नाईकाचं नाणं. 1992 पासून जे जाडजूड, नऊ ग्रॅमचं, तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं निघायचं, ते. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूला पाचाचा आकडा आत रुतलेला, आणि आरशात दिसावा तसा उलटा. पाहिल्यावर कुणाचेही डोळे चमकतील. आपल्याकडचे नाणेवाले असल्या नाण्याला लखी म्हणतात, आणि खरी लखी ही खरोखरच संग्राहकांच्या आवडीची चीज आहे. ती अशी होते : एक नाणं पाडून झालं, पण खाली न पडता वरच्या ठशाला चिकटून राहिलं. पुढची कोरी चकती आली. तिच्या खालच्या बाजूला खालचा ठसा नेहमीसारखा उमटला, पण वरून ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू आदळली.

आता इथं जरा थांबून विचार करा. वरच्या ठशाला चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू कोणती? खालच्या ठशानं पाडलेली. म्हणजे नव्या चकतीवर दोन्हीकडं एकच चित्र येणार : खालून उंच आणि सरळ, वरून खोल आणि उलटं. नाणं खालच्या ठशाला चिकटलं तरी हिशेब तोच. पाच असेल तर दोन्हीकडं पाच, सिंह असतील तर दोन्हीकडं सिंह. एका बाजूला उंच सिंह आणि दुसरीकडं खोल पाच, हे या अपघातात घडूच शकत नाही.

मी हे नाईकाला तोंडी सांगितलं नाही. तो मेकॅनिक आहे, हातानं समजणारा माणूस. त्याला घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. नाणं बिघडवणं कायद्यात बसत नाही, म्हणून शिशाची एक चकती आणि वर्दीचं जुनं पितळी बटण घेतलं. दोन्ही बेंच-व्हाइसमध्ये धरायला सांगून म्हटलं, "आवळ." त्यानं आवळलं, सोडलं, आणि बघत राहिला. शिशावर बटणावरचं चित्र आत रुतलेलं, उलटं. शिशाच्या मागच्या बाजूला व्हाइसच्या जबड्याची जाळी. बटणाचा उंच भाग चपटा झालेला.

मग त्याच्याच नाण्यावर भिंग धरलं. रुतलेल्या उलट्या पाचाखाली मूळच्या सरळ पाचाचे अवशेष होते, अर्धवट दबलेले. मागच्या बाजूला सिंहांची तोंडं सपाट, आणि कडेजवळ बारीक जाळीचे दात. व्हाइसवाल्यानं चामडं लावलं असावं, पण एका कोपऱ्यात ते सरकलं होतं.

नाईक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, म्हणजे हे कुणीतरी बसून केलंय." मी मान हलवली. त्याला नऊ लाख गेल्याचं दुःख कमी आणि कारागिरीचा राग जास्त आला असावा. मेकॅनिक माणूस.

अर्ज त्यानं स्वतःच फाडला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच दुपारी तक्रार नोंदवली. पैसे भरून आठ दिवस झाले होते. ही तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, आठ दिवसांनी फारशी उरत नाही. 2,400 रुपये आजतागायत आलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही कमिशन किंवा शुल्क घेत नाही. तेव्हा त्या शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं, की तिथंच फोन ठेवायचा. खरा ग्राहक विकणाऱ्याला पैसे देतो. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा ग्राहक मी बाजारात अजून पाहिलेला नाही. 2012 च्या वैष्णोदेवीच्या पाच आणि दहाच्या नाण्यांना लाखो मिळतात ही बातमीही याच कारखान्यातली. ती नाणी चलनात आली आहेत आणि पाच-दहालाच चालतात.

डब्यात बाकी बरंच होतं. दुपारभर आम्ही दोघं आणि आमचे सुभेदार साहेब ते निवडत बसलो.

एक रुपयाचं एक नाणं मोठं आणि पातळ, चित्र ताणलेलं. हे ओळखायला भिंग कशाला, रेल्वेजवळ लहानपण गेलेल्या कुणालाही कळेल. रुळावर ठेवलेलं नाणं. (आम्हीही मिरजेला हे उद्योग केलेत. मुलांनी करू नयेत, जिवावर बेततं.) यालाच 'ब्रॉडस्ट्राइक' म्हणून विकतात. कॉलर जागेवर नसताना फटका बसला तर खरोखरच नाणं मोठं होतं, पण तेव्हा मधलं चित्र आपल्या नेहमीच्या मापाचं राहतं, फक्त कडेचा धातू मोकळा पसरतो. सिंह लांबुडके झाले असतील तर गाडी गेलीय.

दोन नाण्यांवर साल दिसत नव्हतं. झीज नेहमी उंच भागापासून सुरू होते, आणि सगळीकडं सारखी पसरते. आधी सिंहांची आयाळ जाते, मग अक्षरं गुळगुळीत होतात, चमक तर केव्हाच गेलेली असते. ठशाच्या खोलगट भागात ग्रीस भरलं तरी अक्षरं उमटत नाहीत, पण मग एखादंच अक्षर बेपत्ता आणि शेजारचं धारदार, आणि जागेवर मूळचा पृष्ठभाग शाबूत. ती खरी चूक, पण नेहमीची. तिच्यासाठी कुणी घर बांधून देत नाही.

एकाची कड चंद्रकोरीसारखी कापलेली होती. पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला तर चकतीला असा चावा बसतो. सुभेदार साहेब म्हणाले, "सर, ये तो फाइल से भी हो जाएगा." बरोबर बोलले. म्हणून चावा बघायचाच नाही, त्याच्या बरोबर समोरची कड बघायची. कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूवरही दाब येत नाही, आणि तिथली कड कच्ची, पसरट राहते. कानस चालवणाऱ्याला समोरची कड कच्ची करता येत नाही. या नाण्याची समोरची कड ठणठणीत होती, आणि चाव्यावर कानशीच्या रेघा.

आणि मग एका पुडीत पंचवीस पैसे निघाले. गेंड्याचं, स्टीलचं, 30 जून 2011 पासून चलनातून गेलेलं. गेंडा नाण्यावरून अर्धा बाहेर चालला होता, तोंड गायब, आणि मागं कोऱ्या धातूची कोर. दुसऱ्या बाजूचं चित्रही त्याच दिशेला तेवढंच सरकलेलं. कोऱ्या भागावर चकतीची मूळची उचललेली कड तशीच. सोनाराच्या काट्यावर वजन पूर्ण. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही आणि फटका बसला, एवढीच कथा, आणि प्रत्येक खूण तीच सांगत होती. हे खरं. ओळखीच्या नाणेवाल्याला फोटो पाठवला तर त्यानं हजाराच्या आतला आकडा सांगितला. आबांना फोनवर कळवलं, तर ते म्हणाले, "ते व्हय? ते तर बस कंडक्टरनं दिलं हुतं, कुणी घेईना म्हणून ठेवलेलं."

चुकांची बाजू झाली, खोट्या नाण्यांची वेगळी. तिथं टांकसाळ नसतेच. आपल्या निवृत्त मंडळींना सगळ्यात जास्त फसवलं जातं ते चांदीच्या राणी-छाप, राजा-छाप रुपयांत. हा रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, आणि 1939 पर्यंत त्यात 91.7 टक्के चांदी. झिजून वजन थोडं उतरतं, पण मुखवटा ठळक आणि वजन साडेदहा, असं होत नाही. ओतीव खोट्यावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल, आणि नाण्याच्या कडेवर साच्याचा सांधा. 1940 पासून सरकारनं चांदी निम्म्यावर आणली आणि नकलांना आळा म्हणून कडेवर खास खाच आणली, तेव्हा कड बघितल्याशिवाय चांदीचा रुपया घेऊच नये. 1939 चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून 1938 च्या आठाचा नऊ करणारे कारागीर आहेत. आकड्याभोवतीचा धातू खरवडलेला दिसतो. नाहीतर 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड दुरुस्त केली. त्याला 'डुक्कर रुपया' म्हणतात. पण ती चूक चित्रकाराची, यंत्राचं काही चुकलं नव्हतं. एरर म्हणून त्याची वेगळी किंमत मागणाऱ्याला नम्रपणे रामराम करावा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं '1818' चं, रामदरबार किंवा हनुमान असलेलं तांब्याचं नाणं. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. सगळीकडं चालणारी एकसारखी नाणी तिनं 1835 पासून काढली, आणि त्यावर रामदरबार नाही. जत्रेत मिळणारी ती टोकनं आहेत. हेच टोकन तांदळाचे दाणे ओढतं असं दाखवून 'राइस पुलर' म्हणून कोटींच्या गोष्टी करणारी टोळकी देशभर फिरतात. दाण्यात लोखंडाचा कीस आणि नाण्याला चुंबक, याहून त्यात काही नसतं. एका माजी सुभेदारानं यात ग्रॅच्युइटी घातलेली मला ठाऊक आहे. त्यांचं नाव-गाव सांगत नाही.

शिवराईबद्दल मात्र वेगळा नियम. 'श्री राजा शिव' हे तीन शब्द पूर्ण दिसणारी शिवराई मिळणं कठीण. बहुतेकींवर 'शिव' निम्मं, 'छत्र' आहे तर 'पति' कडेबाहेर. कारण ती हातोड्यानं पाडलेली. चकती लहान, ठसा मोठा, कॉलर नाही. मशीनच्या नाण्यात जी चूक ठरते ती इथं रोजची पद्धत. तेव्हा ठसा सरकलेली शिवराई 'एरर' म्हणून जादा भावानं कुणी विकत असेल तर तो अडाणी किंवा लबाड. उलट सगळी अक्षरं गोलात अगदी मधोमध, सगळ्या नाण्यांची जाडी सारखी, असा ढीग दिसला तर तिथून उठावं. आणि शेतात खरोखरच हंडा सापडला, तर 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवायचं असतं. दहा रुपये तेव्हाचे, पण कायदा अजून आहे.

या विषयावर निवृत्त मंडळींचे फोटो येतच असतात, म्हणून एवढं सांगून ठेवतो. फोटो दोन्ही बाजूंचा आणि कडेचा पाठवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको. सोनाराकडून वजन करून दोन दशांशापर्यंत लिहा. चुंबकाला चिकटतं का ते लिहा : स्टीलचं चिकटेल, जुनं तांबं-निकेलचं पाच रुपये चिकटणार नाही. नाण्याला वरखाली दोन बोटांत धरून उभं फिरवा. मागची बाजू थोडी तिरकी आली तर ते आपल्याकडं सर्रास होतं, पाव फेरी किंवा आडवीतिडवी असेल तरच कळवा. आणि हात जोडून विनंती, पाठवण्याआधी नाणं चिंचेनं घासू नका. मागच्या महिन्यात एका काकूंनी 1835 चा पाव आणा लखलखीत करून पाठवला. नाणं खरं होतं.